नवा ओपन-बॅक हेडफोन घेण्याआधी जुन्याच्या तक्रारी लिहून काढा

हेडफोन बदलावासा वाटला की माणूस आधी परीक्षणं वाचायला बसतो. 'उबदार बेस', 'रेशमी ट्रेबल', 'हवेशीर मंच' असली विशेषणं तासभर वाचली की आपल्याला मुळात काय खटकत होतं तेच आठवेनासं होतं. म्हणून सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. सध्याच्या हेडफोनवर अगदी ओळखीची चार-पाच गाणी ऐका आणि जे खुपतं ते साध्या शब्दांत कागदावर लिहा. 'स' आणि 'श' टोचतात. गायिका वाद्यांच्या मागे उभी आहे असं वाटतं. डग्गा वाजला की सगळंच घुमतं. तासाभरात कान तापतात. संगीत डोक्याच्या आतच कोंडलेलं वाटतं.

यातल्या पहिल्या तीन तक्रारी सुरांच्या समतोलाच्या आहेत. त्यांच्यासाठी पैसे मोजण्याआधी इक्वलायझर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायची सोय) वापरून बघा. विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' फुकट मिळतो, फोनवरच्या बऱ्याच प्लेअरमध्येही सोय असते. 'स' टोचत असेल तर साधारण ५ ते ९ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात तीन-चार डेसिबल कमी करा. घुमत असेल तर १०० ते २५० हर्ट्‌झच्या दरम्यान कमी करा. गाणारा आवाज मागे पडत असेल तर २-३ किलोहर्ट्‌झच्या आसपास थोडं वाढवा, आणि जेवढं वाढवलं तेवढी एकूण पातळी खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो. इक्वलायझर लावणं म्हणजे पाप, असं मानणारे लोक या छंदात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

एवढ्याने काम भागलं तर खरेदी टळली. नाही भागलं तरी कोणता समतोल आपल्या कानाला रुचतो हे कळलं, आणि ही माहिती कुठल्याही परीक्षणातून मिळत नाही. इक्वलायझरनंतरही कागदावर जे उरतं, त्याच्यासाठी नवा हेडफोन घ्यायचा.

उरलेल्यांत कान तापणं आणि कोंडलेपणा असेल तर ओपन-बॅककडे वळण्यात अर्थ आहे. बंद हेडफोनमध्ये ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) मागून निघालेला आवाज कपच्या आत अडतो आणि काही अंशी कानाकडे परततो. ओपन-बॅकमध्ये मागे जाळी असते, त्यामुळे तो बाहेर निघून जातो. झेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ आणला, तेव्हापासून हीच मूळ कल्पना चालत आली आहे. मात्र जाळी दोन्ही बाजूंनी काम करते. पंख्याची घरघर आत येते आणि तुमचं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू जातं. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेणं हा तर कानांना धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही सरासरी ८० डेसिबलवर. खोलीत शांतता मिळत नसेल तर ओपन-बॅकचा नाद सोडा, चांगला बंद हेडफोन घ्या.

आता कागद हातात घेऊन मॉडेल पाहायचे. झेनहायझरचे एचडी ६०० (१९९७) आणि एचडी ६५० (२००३) मानवी आवाजासाठी नावाजलेले आहेत. ६५० किंचित उबदार, ६०० थोडा मोकळा. दोघांचाही अगदी खोल बेस उतरता असतो आणि मंच, म्हणजे वाद्यं आजूबाजूला पसरून वाजत असल्याचा भास, काही फार रुंद नाही. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० चा ट्रेबल चढा आहे, तेव्हा ज्यांच्या यादीत 'स' टोचणं आहे त्यांनी त्याच्यापासून लांबच राहावं. एकेजीचा के ७०२ ऐसपैस वाटतो, पण बेस हडकुळा. खोल बेस सरळ खालपर्यंत हवा असेल तर हायफायमन सुंदारासारखे प्लेनर मॅग्नेटिक (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन पाहावेत. यांपैकी 'सर्वांत चांगला' कोणता, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो.

पुढची पायरी विजेची, म्हणजे हेडफोन चालवायला वेगळा अँप (अँप्लिफायर) लागेल का ते बघायची, आणि इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. ओहम हे इम्पीडन्सचं, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. 'ओहम जास्त म्हणजे चालवायला कठीण' हे अर्धसत्य आहे. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो, तीही बघावी लागते. ती कुणी एका मिलिवॅटला देतं, कुणी एका व्होल्टला, त्यामुळे आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. मिलिवॅटचा आकडा असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनसाठी त्यात साधारण १५ मिळवा, ३०० ओहमसाठी ५. झाला व्होल्टचा आकडा. एचडी ६०० ला एका व्होल्टला ९७ डेसिबल मिळतात. फोनला लावायचा छोटा डाँगल बहुधा एक व्होल्टच्या आसपास देतो. म्हणजे सर्वांत मोठा क्षण ९७ डेसिबलचा. वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण घेतलं तर सरासरी त्याच्या वीसेक डेसिबल खाली जाते, ७७ च्या जवळपास. ऐकायला पुरतं, पण हात राखून काही उरत नाही. तीन व्होल्ट देणारा अँप घेतला की साडेनऊ डेसिबलची मोकळीक मिळते. त्याहून मोठा अँप घेऊन घरात ऐकण्यासाठी काही हाती लागत नाही.

अँपचा स्वतःचा (आउटपुट) इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. एचडी ६०० सारख्यांचा इम्पीडन्स १०० हर्ट्‌झच्या आसपास बराच वर चढतो, म्हणून आउटपुट इम्पीडन्स जास्त असलेल्या काही ट्यूब (निर्वात नळीच्या) अँपवर त्यांचा बेस फुगतो. काहींना तो फुगलेलाच आवडतो. प्लेनरचा इम्पीडन्स जवळपास सपाट असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

वजन बघायला विसरू नका. एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा आहे, तर काही प्लेनर अर्ध्या किलोच्या वर जातात. दुकानातल्या दहा मिनिटांत मान काही बोलत नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा, कारण दांडीमुळे पॅडला फट पडली की बेस गळतो. पॅड आणि केबल सुटे मिळतात का, तेही आधीच विचारा. पॅड दबले की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाजच बदलतो. कधी कधी जुन्या हेडफोनलाही फक्त नवे पॅड हवे असतात.

हेडफोन घरी आला की खोका जपून ठेवा आणि परत करण्याची मुदत लिहून ठेवा. जुना-नवा लगेच अदलाबदल करून ताडू नका. थोडासा मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच सरस वाटतो आणि दोघांची पातळी अचूक जुळवणं घरी कठीण असतं. आठवडाभर फक्त नवा वापरा. तेवढ्यात कान सरावतात आणि पॅडही थोडे बसतात. 'बर्न-इन' (नवा हेडफोन वाजवत राहिलं की सुधारतो) म्हणून ज्याचा गवगवा होतो त्यातला मोठा भाग हाच असावा. मग एका संध्याकाळी, इक्वलायझर लावूनच, जुना घाला आणि तीच गाणी, तोच कागद घेऊन बसा. ज्या ओळी आता खोडता येतील तेवढाच फरक तुम्ही विकत घेतलात. एकही खोडता आली नाही, तर मुदत संपायच्या आत खोका परत पाठवा.