नातवंडांना घेऊन पुण्यात फिरायला निघताय? आजी, या चुका टाळा

सकाळी सारसबागेत गणपती, तिथून पेशवे उद्यानात फुलराणी ही छोटी आगगाडी, मग शनिवारवाडा, येताना तुळशीबागेत भातुकली आणि शेवटी सदाशिव पेठेत आइस्क्रीमवाली मस्तानी. नातवंडं सुटीला आली की आजीच्या मनात असा बेत हमखास शिजतो. मग साडेबाराच्या उन्हात शनिवारवाड्याच्या दगडी पायऱ्यांवर एक जण भोकाड पसरतो, दुसरीला शू लागलेली असते आणि आजीची दुपारची गोळी घरीच राहिलेली असते. यातलं प्रत्येक ठिकाण चांगलं आहे. एका दिवसाला ती पाचही फार होतात.

एका दिवशी एकच ठिकाण, आणि घरातून निघून घरी परत येईपर्यंत अडीच-तीन तास. एवढं पाळलं तरी पुढच्यातल्या बऱ्याच अडचणी वाटेतच गळून जातात.

वेळ धरताना होणारी चूक

दुपारी एक ते तीन झोपणारं मूल बारा वाजल्यापासूनच किरकिर करायला लागतं. ती किरकिर हट्टाची नसते, झोपेची असते, आणि तिच्यावर आइस्क्रीमचा उतारा चालत नाही. लहानांना घेऊन फिरायला दोनच वेळा खऱ्या कामाच्या: सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि दुपारी साडेचार ते सात. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंदच असतात, त्यामुळे मधल्या वेळेत गेलात तर कुलूप बघून परत यावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळचीही वेळ पाच-सव्वापाचच्या पुढे ढकला. डिसेंबर-जानेवारीत उलटं करा, सूर्य मावळला की पुण्यात गारठा एकदम उतरतो. सारसबागेतल्या गणपतीलासुद्धा थंडीत स्वेटर-टोपी घालतात. ते नातवंडांना दाखवा आणि त्यांचा स्वेटर पिशवीत ठेवायला विसरू नका.

फुलराणी १९५६ पासून धावते आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी आज्या लहानपणी हिच्यातच बसलेल्या आहेत, म्हणून ती दाखवण्याची ओढ मोठी. पण आदल्या रात्री "उद्या फुलराणीत बसायचं" असं वचन देऊ नका. गाडी दुरुस्तीसाठी बंद असू शकते आणि सुटीच्या संध्याकाळी रांग लांबच लांब असते. "पेशवे उद्यानात जाऊ" एवढंच सांगा. गाडी चालू दिसली तर आनंद दुप्पट होतो, बंद असली तरी कुणी रडत नाही.

कात्रजला चालत चालत पूर्ण फेरी

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांवर पसरलेलं आहे. चार वर्षांचं मूल उत्साहात असलं की किलोमीटरभर चालतं, मग "कडेवर घे" सुरू होतं. त्या वयाच्या मुलाचं वजन साधारण १६ किलो. ते उचलून परतीची वाट चालणं कुठल्याच गुडघ्याला आणि कमरेला परवडत नाही.

म्हणून आत शिरतानाच बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची चौकशी करा. थकल्यावर गाडी शोधायला गेलात तर तिथेही रांग. किंवा मग तीनच प्राणी ठरवा, वाघ, हत्ती आणि साप म्हणा, तेवढे निवांत बघा आणि मागे फिरा. दुपारी बहुतेक प्राणी सावलीत झोपलेले असतात, मुलांना नुसती पाठ दिसते. सकाळी लवकर गेलं तर हालचाल बघायला मिळते. आणि बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं. रिक्षाने कात्रजपर्यंत जाऊन बंद फाटकासमोर उभं राहणारी कुटुंबं दर सुटीत दिसतात.

मुलाला उचलावंच लागलं तर वाकून उचलू नका. आधी कट्ट्यावर किंवा बाकावर बसा, मुलाला मांडीवर चढू द्या, मग उठा.

पर्वती: चढण्याचाच विचार

पर्वतीला १०३ पायऱ्या. रुंद आणि बुटक्या असल्यामुळे चढताना दम लागला तरी जमतं. त्रास होतो उतरताना. त्या वेळी गुडघ्यांवर भार जास्त येतो, आणि नेमकं तेव्हाच नातवंड उतारावर धावत सुटतं. एकट्या आजीने दोन लहानग्यांना घेऊन पर्वती चढू नये, हे आमचं स्पष्ट मत. बरोबर तिसरं मोठं माणूस असेल तर उतरताना त्याने मुलांच्या दोन पायऱ्या पुढे चालावं आणि आजीने कडेचा आधार धरून मागून सावकाश यावं.

केळकर संग्रहालयातही जिने आहेत. तिथली चूक म्हणजे सगळे मजले बघायचेच असा हट्ट. वीसेक हजार वस्तूंचा संग्रह एका खेपेत मोठ्यांच्याही पचनी पडत नाही. मुलांना एक शोध लावून द्या: "वेगवेगळ्या आकारांचे पाच अडकित्ते शोध" किंवा "सर्वांत मोठा दिवा कुठला?" मग अडकित्ता म्हणजे काय, त्याने सुपारी कशी कातरतात, हे आजीइतकं चांगलं कोण सांगणार? पाऊण तासात बाहेर पडा. पुढच्या सुटीत उरलेलं बघता येतं.

मेट्रो आणि रिक्षा

मेट्रोची सफर हीच सहल, हा बेत उत्तम आहे. वनाजला बसायचं, डेक्कनला उतरून मावळ्यांच्या पगडीसारखं छप्पर बघायचं, परत यायचं. ऊन नाही, चालणं थोडं. धोका आहे तो सरकत्या जिन्यावर. मुलांच्या पायातले मऊ रबरी क्लॉग पायरीच्या कडेला घासले की आत ओढले जातात, आणि आजीच्या साडीचा काठ किंवा लोंबता पदर पायरीच्या फटीत अडकू शकतो. त्या दिवशी मुलांना पट्ट्याची चप्पल किंवा बूट घाला, पदर कमरेला खोचा, मुलाला पायरीच्या मधोमध उभं करा. दोन मुलं असतील तर सरळ लिफ्टने जा. सिव्हिल कोर्ट स्थानकात भुयारी फलाट खूप खोल आहे, तिथे तर लिफ्टच बरी.

एक गोष्ट घरीच समजावून द्या आणि दोनदा वदवून घ्या. दार लागलं आणि मूल फलाटावर राहिलं, तर त्याने तिथेच बाकावर बसायचं. आजी पुढच्या स्थानकावरून परत येते. मूल गाडीत राहिलं आणि आजी बाहेर, तर त्याने पुढच्या स्थानकावर उतरून बाकावर बसायचं. आजी पुढच्या गाडीने येते. दोघांनीही एकमेकांना शोधत फिरायचं नाही. पाच वर्षांपुढच्या मुलांना हे नीट कळतं, त्याहून लहानांचा हात सोडायचा नाही.

रिक्षात मूल आतल्या बाजूला आणि आजी डावीकडे, उघड्या कडेला. बसताना मूल आधी चढेल, उतरताना आजी आधी उतरेल. पदर आत घ्या.

हरवण्याची भीती, आणि चुकीची धमकी

"ऐकलं नाहीस तर पोलिसांकडे देईन." "चल, मी तुला इथेच सोडून जाते." ही दोन वाक्यं सहज तोंडातून निघतात, पण त्यांची किंमत मोठी आहे. पोलिसाला घाबरणारं मूल हरवल्यावर पोलिसापासून, सुरक्षारक्षकापासून लपतं. आणि सोडून जाण्याची धमकी ऐकलेल्या मुलाला, आजी दिसेनाशी झाली की ती खरंच गेली असं वाटतं. ही दोन वाक्यं कायमची बंद करा.

त्याऐवजी निघताना पाच मिनिटं द्या. दारातच मुलांचा फोटो काढा; हरवल्यावर "कुठला शर्ट होता?" हे आठवत नाही, फोटोत दिसतं. कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आईचा फोन नंबर लिहा. घाई-गर्दीत घामाने तो पुसट होतो, म्हणून चिठ्ठीवर लिहून खिशातही ठेवा. मुलाला आईचं पूर्ण नाव सांगता यायला हवं, "आईचं नाव आई" एवढ्यावर भागत नाही. निघाल्यावर व्हॉट्सअॅपवर लेकाच्या किंवा सुनेच्या फोनला आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवा, सतत "कुठे पोहोचलात?" असे फोन येत नाहीत आणि आजीचं लक्ष मुलांवर राहतं. मूल खरंच दिसेनासं झालं तर जागा न सोडता मोठ्याने नाव आणि कपड्यांचा रंग सांगत राहा, आसपासच्या दुकानदाराला फाटकाकडे पाठवा आणि ११२ ला फोन करा. दहा मिनिटं एकटीने शोधत बसू नका.

तुळशीबागेतल्या अरुंद बोळांत हे सगळं आणखी महत्त्वाचं. भातुकली घ्यायची तर आडवारी, दुकानं नुकतीच उघडली असताना जा. आणि गणपती दाखवायचे असतील तर मानाचे पाचही एका संध्याकाळी नकोत. सकाळी कसबा आणि तांबडी जोगेश्वरी, बस्स. संध्याकाळच्या गर्दीत लहान मुलाच्या डोळ्यांसमोर मूर्ती नसते, लोकांच्या कमरा असतात.

पिशवीतली चूक

आजीच्या पर्समध्ये रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या असतात. रंगीत, गोल, जेम्ससारख्या. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच लहान मुलाने गिळली तरी त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गोळ्या सुट्या डबीत ठेवू नका, पाकिटातच ठेवा, चेनच्या आतल्या कप्प्यात, आणि मुलांचा खाऊ त्या पर्समध्ये कधीच ठेवू नका. खाऊ शोधायला त्यांचे हात त्याच पर्समध्ये जातात. खाऊची पिशवी वेगळीच हवी. मुलाने गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता गोळ्यांचं पाकीट घेऊन दवाखाना गाठा.

त्या पिशवीत काय काय: माणशी अर्धा लिटर पाणी (आजीची बाटली वेगळी, नाहीतर आजी पाणी पीतच नाही), दोन चड्ड्या, एक रुमाल, ओला कचरा ठेवायला जुनी पिशवी, केळी, आणि घरची दशमी किंवा पराठ्याची गुंडाळी. मधुमेह असेल तर चालण्याने साखर उतरते. हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटं बसून राहा. त्यासाठी ग्लुकोजची पुडी स्वतःच्या कप्प्यात असू द्या.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न देऊ नका. द्राक्षं उभी चार भाग करून द्या. भेळवाल्याला "शेंगदाणे नको" असं आधीच सांगा. चालत्या रिक्षात काहीच खायला नको, एका धक्क्याने घास श्वासनळीत जातो. ठसका लागून मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापा. उपयोग झाला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत-वर असे पाच दाब, आणि १०८ ला फोन. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, घास आणखी आत जातो.

मस्तानी प्यायची असेल तर दोघांत एक घ्या. पूर्ण ग्लास लहान पोटाला जड होतो आणि घाटात किंवा रिक्षात उलटीच्या रूपाने बाहेर येतो.

फुगेवाला दिसला की

सारसबागेच्या बाहेर फुगे, साबणाचे बुडबुडे, पिपाण्या सगळं एका रांगेत असतं. "नाही म्हणजे नाही" आणि शेवटी रडं ऐकून "बरं, घे", हा क्रम सर्वांत वाईट. मूल त्यातून एवढंच शिकतं की रडलं की मिळतं. त्यापेक्षा निघतानाच पन्नासची नोट त्याच्या खिशात ठेवा. काय घ्यायचं ते त्याने ठरवायचं, संपली की संपली. नोट स्वतःच्या हातात असली की चार वर्षांचं मूलही फुगा की पिपाणी असा खरा विचार करतं, आणि कित्येकदा नोट तशीच घरी आणतं.

"आईला सांगू नको हं"

बर्फाचा गोळा, तिसरं चॉकलेट, अर्धा तास जास्तीचा मोबाइल. प्रेमापोटीच होतं हे, पण नको. आईपासून गोष्ट लपवणं ठीक असतं, असं मूल ज्या माणसाकडून पहिल्यांदा शिकेल ते माणूस आजी असू नये. उद्या दुसरं कुणी "घरी सांगू नको" म्हणालं तर मुलाने लगेच येऊन सांगायला हवं. गोळा द्यायचाच असेल तर सुनेला किंवा लेकीला आधी विचारा आणि मग सगळ्यांदेखत द्या.

मुलाची मुलं आणि लेकीची मुलं एकत्र न्यायचा मोहही आवरा. एकेकाला वेगळं नेलं की प्रत्येकाला आख्खी आजी मिळते. कालनिर्णयवर ज्याच्या त्याच्या शनिवारी त्याचं नाव लिहून ठेवा. "तिला नेलंस, मला नाही" याला तो कागदच उत्तर देतो.

परतताना

संध्याकाळी सहानंतर रिक्षात मूल झोपलं तर रात्री अकरापर्यंत जागं राहतं आणि दुसरा दिवस किरकिरीत जातो. वाटेत बाहेरच्या पिवळ्या पाट्या मोजायला लावा, गाणी म्हणा, जागं ठेवा. तरी झोपलंच, तर शेवटच्या चौकातून घरी फोन करा आणि कुणालातरी खाली फाटकापाशी बोलवा. झोपलेलं मूल जागेपणीपेक्षा जड लागतं, ते घेऊन जिना चढायचा नाही.