स्पार्क प्लग कसे तपासावेत आणि कसे बदलावेत

पेट्रोल गाडी सकाळी चालू व्हायला वेळ घेऊ लागली, चढावर मिसिंग करू लागली (मधेच धक्के देऊ लागली) किंवा तिचे ॲव्हरेज उतरले, तर स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे भाग, काढून पाहावेत. साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात आणि इरिडियमचे त्याहून बरेच अधिक. सीएनजीवर मात्र ठिणगीला जास्त व्होल्टेज लागत असल्याने ते लवकर तपासणे बरे.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून (इंजिनच्या वरच्या भागातून) प्लग ओढून काढल्यास आटे जाण्याची भीती असते. प्लगवर बसलेल्या, ठिणगीला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलच्या कनेक्टरचा खटका दाबून तो सोडवावा, वायर ओढू नये. मग बोल्ट काढून कॉइल सरळ वर उचलावी. प्लगभोवतीच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवल्याशिवाय पाना लावू नये, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढावा आणि जुने प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवावेत.

हे जुने प्लग न बघता फेकून देणे मला फार चुकीचे वाटते, कारण इंजिनच्या आतले सर्वात खरे वर्तमान त्यांच्याच टोकावर असते. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर ज्वलन ठीक आहे. बोटाला लागणारी कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. टोक तेलकट काळे असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले तपासून घ्यावीत. नुसता प्लग बदलून तो दोष जात नाही. पांढरेफटक, फोड आलेले टोक इंजिन फार तापत असल्याचे सांगते. मधल्या इलेक्ट्रोडची (ठिणगी पाडणाऱ्या टोकाची) धार गोल झाली असेल किंवा चिनी मातीला बारीकशी जरी चीर असेल, तर तो प्लग पुन्हा वापरू नये.

नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा आणि त्याचा गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजावा. बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. इरिडियमचे नाजूक टोक मात्र पिळू अथवा घासू नये. प्लग सॉकेटमध्ये धरून, रॅचेट न लावता, नुसत्या बोटांनी फिरवत खाली न्यावा. जरा जरी अडला तरी उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करावी, कारण तिरके बसलेले आटे हेडचे मोठे काम काढतात. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळावा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक षोडशांश फेरा पुरतो. त्यानंतर कॉइल बसवून, कनेक्टरचा टक् असा आवाज ऐकूनच पुढच्या प्लगकडे वळावे.