कोकणात लव्हेंडर लावताय? या चुका टाळा
गुहागरच्या आमच्या अंगणातली लव्हेंडरची पहिली दोन रोपं आषाढात गेली. शेंड्यांनी माना टाकल्या म्हणून आईने तांब्याभर पाणी जास्तच घातलं. शेवटी कुंडी उपडी केली तर मुळं काळी पडलेली. चिमटीत धरून ओढली की साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा राहायचा. मातीला कुजक्या चिखलाचा वास. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, त्यामुळे पाण्यात बसलेलं झाडही तहानलेलं दिसतं. पानं मलूल दिसली की आधी मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर पाणी बंद.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. तिथला उन्हाळा कोरडा. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जांभ्याची आम्ल माती. म्हणून जमिनीत लावूच नका. मातीची, तळाला मोठं भोक असलेली कुंडी घ्या. नर्सरीतून रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात येतं, ते ओल धरून ठेवतं. मुळं न दुखावता जमेल तेवढं झाडून टाका. एक भाग माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग बारीक खडी आणि मूठभर शिंपल्यांचा चुरा पुरतो. शिंपले आधी धुऊन घ्या. पुळणीवरची वाळू मात्र नको, तिच्यात मीठ असतं. शेणखतही जवळजवळ नकोच. सकस मातीत फांद्या नुसत्या लांबतात आणि लोळतात.

जातीची चूकही बरीच महागात पडते. जम्मूतल्या भद्रवाहची जांभळी शेतं बघून आपण तसलंच रोप मागतो, पण ती जात थंडीची. किनाऱ्यावर ती धड फुलत नाही. पानांच्या कडा दातेरी असलेलं फ्रेंच लव्हेंडर दमट हवा त्यातल्या त्यात सोसतं.

मिरग लागायच्या आधी कुंडी पडवीत घ्या, पण पागोळ्यांपासून आणि झडीपासून लांब, वारा खेळेल अशा कडेला. कोंदट खोलीत ठेवलीत तर बुरशी येणारच. मे महिन्यात आतल्या दाट फांद्या विरळ करा. छाटताना हिरवी पानं असलेल्या भागातच कात्री चालवा. खालच्या तपकिरी लाकडाला सहसा नवा फुटवा येत नाही. बुंध्याशी पाचोळा घालायची आपली सवय इथे घातक आहे, त्याऐवजी खडे पसरा.

बियांच्या नादी लागू नका, त्या फार रेंगाळतात. दसरा उलटला की रोप आणा आणि सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवा. थंडीत त्याच्याच बोटभर लांब फांद्या वाळूत खोचून दोन-तीन रोपं करून ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात एखादं गेलं तरी घरात लव्हेंडर राहील.