ग्राफ डेटाबेसमध्ये डुप्लिकेट नोड नको असतील तर या चुका टाळा

निओफोरजे (Neo4j) हा ग्राफ डेटाबेस, म्हणजे माहिती नोड (ग्राहक, ऑर्डर अशा नोंदी) आणि त्यांच्यातली नाती अशा रूपात साठवणारा डेटाबेस, नव्याने हाती घेतलेला जवळपास प्रत्येकजण मला सांगतो, ‘मर्ज वापरलंय, आता डुप्लिकेट होणारच नाहीत.’ होतात! मर्ज (डेटाबेसची एक कमांड) आधी नोड शोधतो आणि सापडला नाही तर बनवतो. दोन ट्रान्झॅक्शन (डेटाबेसवर चाललेली कामं) एकाच वेळी शोधायला गेली, तर दोघांनाही काही सापडत नाही आणि दोघंही नोड बनवून मोकळी होतात. ज्या प्रॉपर्टीवरून (नोडमधला माहितीचा रकाना, जसं ईमेल) शोधायचं, तिच्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तेच मूल्य दोन नोडना न देण्याचा नियम) असेल तरच मर्ज लॉक (कुलूप) घेतो आणि दुसऱ्याला थांबावं लागतं.

हे मी ठेच खाऊन शिकलो. एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकांचा डेटा चार वर्कर (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम) लावून भरला. टेस्टिंगला एकच थ्रेड होता, म्हणजे एका वेळी एकच काम, त्यामुळे तिथे सगळं चोख. पुढे एका ग्राहकाच्या काही ऑर्डर दिसेनात. पाहिलं तर एकाच ईमेलचे दोन नोड: पाच ऑर्डर एकाला जोडलेल्या, तीन दुसऱ्याला. घाईघाईने कन्स्ट्रेंट लावायला गेलो तर डेटाबेसने नकार दिला, कारण डुप्लिकेट असताना तो लागतच नाही. मग ईमेलनुसार गट पाडून, प्रत्येक गटात एकच नोड ठेवून बाकीच्यांची नाती त्याच्याकडे वळवण्यात दोन रात्री गेल्या. तेव्हापासून रिकाम्या डेटाबेसवर माझी पहिली कमांड कन्स्ट्रेंटची असते. ‘आधी डेटा भरू, नंतर बघू’ हे मी चालू देत नाही.

दुसरी चूक म्हणजे मर्जच्या कंसात ईमेल, नाव, फोन सगळं कोंबणं. नाव बदललं की जुना नोड जुळत नाही, मर्ज नवा बनवायला जातो आणि कन्स्ट्रेंट एरर देतो. यावर काहीजण चक्क कन्स्ट्रेंटच काढून टाकतात, तेव्हा मला खरंच राग येतो. कंसात फक्त ईमेल ठेवा, बाकीचं ‘ऑन क्रिएट सेट’ (नोड नवा बनला तर) आणि ‘ऑन मॅच सेट’मध्ये (जुना सापडला तर) लिहा. दोन नोड आणि नातं जोडतानाही मी आधी दोन्ही नोड वेगवेगळे मर्ज करतो, मग नातं. एकाच पॅटर्नमध्ये लिहिलं आणि नातं नसलं, तर मर्ज नोडही नव्याने बनवायला जातो.

कन्स्ट्रेंट लेबलवर (नोडच्या प्रकाराचं नाव, जसं ग्राहक) असतो. लेबल विसरलात तर तो लागू नाही. ईमेल स्मॉल लेटरमध्ये करूनच साठवा. युनिक म्हणजे सक्तीचं नव्हे, ईमेल नसलेले नोड कितीही चालतात. त्याच प्रॉपर्टीवर जुना साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) असेल तर तो आधी काढा, कन्स्ट्रेंट स्वतःचा इंडेक्स घेऊन येतो.