जाहिरातीत चोवीस तास पाणी, नळाला तासभर

इंदिरानगरातला फ्लॅट भाड्याने घेतला तो जाहिरात बघूनच: चोवीस तास पाणी, लिफ्ट, पार्किंग. राहायला गेलो तर पाणी सकाळी तासभर आणि लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. मालक म्हणाले, "करारात कुठे लिहिलंय?" करार म्हणजे नोंदणी न केलेला स्टॅम्पपेपर.

पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोडायचं तर पुरावा मालकाने द्यायचा. वर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे भाडेकरूंना कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट, "पाण्याची काळजीच नको" हा मालकांचा व्हॉट्सॲप मेसेज आणि टँकरची बिलं जोडून स्पीड पोस्टाने पत्र धाडलं, पोच जपून ठेवली. भाडं मात्र थांबवलं नाही. थकबाकी झाली की आपलीच बाजू लंगडी पडते.

मग सूर बदलला. टाकीला नवी मोटर बसली, टँकरचे पैसे भाड्यातून वळते झाले आणि करार नोंदवला, पाणी-पार्किंगच्या उल्लेखासह. लिफ्ट अजून बंदच आहे. आईला जिने चढवत नाहीत, त्यामुळे दुसरं पत्र लिहायला घेतलंय.