वॉलकॉटच्या कवितेवर कापडी सायनोटाइप: बडोद्याच्या अगाशीवरची कृती

कॅरिबियन कवी डेरेक वॉलकॉटच्या ‘द सी इज हिस्टरी’ (1979) या कवितेत, तुमची स्मारकं कुठे आहेत, या प्रश्नाला समुद्राकडे बोट दाखवलं जातं. त्यावर काम करायला सायनोटाइप, म्हणजे उन्हानं निळे ठसे उमटवायची रीत, फार जवळचा. जॉन हर्शलनं ही रीत 1842 मध्ये शोधली. हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, घेऊन ‘फतेल रझाक’ हे जहाज त्रिनिदादला पोचलं 1845 मध्ये. या निळ्यात समुद्रशेवाळाचे ठसे काढणाऱ्या ॲना ॲटकिन्सचा नवरा लंडनचा, वेस्ट इंडीजशी व्यापार करणारा. म्हणजे समुद्र रंगातच आला. वर पुन्हा जहाज नि साखळदंड कशाला? ज्यासाठी माणसं पलीकडे नेली त्या उसाचा ठसा घ्या.

चिपाड रसाच्या गाडीवर मागितलं की मिळतं. धुऊन, उभं फाडून सपाट करा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. साखर राहिली तर ते कापडाला चिकटतं. मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

कापड मांजरपाट. त्याची खळ काढायलाच हवी, नाहीतर रसायन वरच्यावर बसतं आणि धुताना निळा वाहून जातो. धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा, मग चार-पाच पाण्यांतून काढा. मागे राहिलेला सोडाही निळा खातो.

एका बाटलीत 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. हातमोजे घाला, फेरिसायनाइडजवळ तीव्र ॲसिड येऊ देऊ नका, विषारी वायू सुटू शकतो. दोन्हींतलं 50-50 मिली मिसळलं की 18 × 24 इंची दोन तुकडे साधारण होतात. मिसळलेलं त्याच दिवशी संपवा. पिवळ्या मंद बल्बखाली फोमच्या ब्रशनं लावा, अंधारात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात इथंच घोटाळा होतो: ओलसर कापडावर ठसा धुरकट येतो.

उन्हाळ्यात, भर दुपारी अगाशीवर (गच्चीवर) कापड, चिपाड आणि वर जाड काच ठेवा. काच नसेल तर वाऱ्यानं चिपाड हलतं, कड दुहेरी येते. आधी एका पट्टीवर 4, 8, 12 मिनिटं असं ऊन देऊन पाहा. उघड्या भागाचा हिरवट रंग जाऊन राखाडी-करडा झाला की उचला. चार वाजता करू नका, सावल्या लांबतात. उत्तरायणात, संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, तर अगाशी तुमची नसतेच.

बोअरचं पाणी जड असेल तर पहिल्या धुण्यात लिटरमागे चमचाभर व्हिनेगर घाला. पुढे साध्या पाण्यात पिवळेपणा पुरता जाईपर्यंत खळबळा. निळा एका दिवसात गडद होतो. वाळवण सावलीत.

कवितेच्या ओळी कापडावर छापू नका. वॉलकॉट 2017 मध्ये गेले आणि आपल्या कायद्यानं हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात. कापडासोबतच्या चिठ्ठीवर कवितेचं नाव पुरे. आणि मळलं तरी ते कापड धुण्याच्या पावडरीत टाकू नका.