चढावर पाय अडकतायत? आधी गिअरचे दात मोजा

चढावर सायकल रखडायला लागली की सल्ले दोनच मिळतात, वजन कमी कर नाहीतर अजून राइड्स मार. दोन्ही बरोबरच आहेत, पण सायकलला असलेला सगळ्यात हलका गिअरच जर तुमच्या पायांना जड पडत असेल तर फिटनेस येईपर्यंत गुडघ्यांची वाट लागते. म्हणून आधी गिअर बघू. आणि प्लीज, मित्राच्या सायकलला काय बसवलंय ते बघून ठरवू नका, त्याचे पाय वेगळे, तुमचे वेगळे. साधा भागाकार आहे, मोबाइलचा कॅलक्युलेटर पुरतो.

सायकल भिंतीला टेकवा आणि दात मोजा. चेनरिंगवर (पेडलपाशी असते ती दातेरी चकती) आणि मागच्या चक्रांवर बऱ्याचदा आकडे कोरलेले असतात, नसले किंवा ग्रीसखाली गेले असले तर एका दातावर मार्करने खूण करून मोजायचे. आपल्याला दोनच आकडे हवेत, पुढची सगळ्यात लहान चेनरिंग आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र. पुढचा भागिले मागचा, झाला रेशो. समजा पुढे ३४ आणि मागे २८, तर १.२१ येतात, म्हणजे पेडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक सव्वा फेरीला जरा कमी फिरतं. रोड सायकलच्या नेहमीच्या ७०० सी मापाच्या चाकाचा घेर टायर धरून साधारण २.१ मीटर असतो, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे सरकते. आकडा लहान तेवढा गिअर हलका. पुढे लहान म्हणजे हलकं आणि मागे मोठं म्हणजे हलकं, हे उलटसुलट असल्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो, दोनचार दिवसांत बसतं डोक्यात.

आता खरा प्रश्न, चढावर तुम्ही किती वेगाने जाता? पायथ्याशी जोशात असतानाचा वेग नको, शेवटच्या किलोमीटरमधला सांगा, जिथे बोलणं बंद झालेलं असतं आणि मीटरकडे बघायचीही इच्छा नसते. एक उदाहरण घेऊ. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या सगळं मिळून ८५ किलो आणि चढ ८ टक्के. ताशी १० किमीने चढायचं तर साधारण २०० वॅट लागतात, ताशी ८ ने चढायचं तर १६० च्या आसपास. २०० वॅट तासभर टिकवणं रोज सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांनाही जमत नाही, त्यामुळे आपण ८ धरू, ८ म्हणजे मिनिटाला १३३ मीटर.

या १३३ ला एका फेरीतल्या अंतराने भागलं की मिनिटाला पेडलच्या किती फेऱ्या होतात ते कळतं, म्हणजेच केडन्स. जुन्या रेसिंग सायकलचा ३९/२५ (पुढे ३९, मागे २५) असेल तर ४१ येतो. ३४/२८ ला ५२. ३४/३४ ला ६३. ३०/३४ ला ७२. वेग तोच, वॅट तेवढेच, फक्त गिअर बदलला. पण ४१ आणि ७२ मधला फरक पायांना विचारा, ४१ वर प्रत्येक पेडलवर जवळपास पावणेदोन पट जोर लावावा लागतो, तोही अर्धा-पाऊण तास सलग. मांड्या भरून येतात, गुडघ्याची वाटी कुरकुरायला लागते आणि मग माणूस म्हणतो की आपल्याला चढ जमतच नाही बुवा. अहो जमतो, गिअर चुकीचा आहे.

लांब चढाला बसून चालवताना केडन्स ६० च्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे, ७० मिळाला तर उत्तमच. हेच गणित उलटं करा, म्हणजे लागणारा रेशो थेट मिळतो: मिनिटाला किती मीटर, त्याला भागिले हवा असलेला केडन्स, परत भागिले २.१. वरच्या उदाहरणात ७० केडन्ससाठी ०.९ येतात, म्हणजे पुढच्यापेक्षा मागचं चक्र मोठं पाहिजे. बरेच जण इथे दचकतात की एकाच्या खाली रेशो म्हणजे फारच हलकं, पाय नुसते भिरभिर फिरणार. नाही हो. तोच माणूस तेवढ्याच वॅटमध्ये १२ टक्क्यांच्या टप्प्यात शिरला तर वेग ताशी साडेपाचवर येतो आणि तिथे ३०/३४ लासुद्धा केडन्स जेमतेम ५० राहतो. हलका गिअर वापरला नाही तर तो गुपचूप बसून राहतो, त्रास देत नाही, पण जो गिअर सायकलला नाहीच तो चढाच्या मध्यावर कुठून आणणार?

आणि लाज वगैरे काही बाळगू नका. टूर दि फ्रान्समध्ये डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरायला १९३७ साली परवानगी मिळाली, तोपर्यंत गिअर बदलायला चाक काढून उलटं बसवायचे. आज शिमानोच्या डुरा-एसला, म्हणजे प्रो लोकांच्या ग्रुपसेटला (गिअरच्या पार्ट्सचा पूर्ण संच), १२ स्पीडमध्ये, म्हणजे मागे १२ चक्रं असतात त्यात, ११-३४ कॅसेट मिळते (कॅसेट म्हणजे मागच्या चक्रांचा संच, इथे सगळ्यात लहान ११ दातांचं आणि मोठं ३४ चं). ते ३४ दातांचं चक्र घेऊ शकतात तर आपण कोण लागून गेलो!

बदल करायचा ठरला की पहिला हात कॅसेटला घाला, तेच सगळ्यात सोपं. २८ च्या जागी ३२ आलं तर सगळ्यात हलका गिअर साडेबारा टक्के हलका होतो, ३४ आलं तर जवळपास १८ टक्के. किंमत एवढीच मोजावी लागते की मधले टप्पे मोठे होतात. ११ स्पीडच्या ११-२८ मध्ये ११, १२, १३, १४, १५ असे एकेक दाताने जाता येतं, ११-३४ मध्ये ११ वरून थेट १३, मग १५, मग १७. सपाट रस्त्यावर ग्रुपमध्ये जोरात चालवणाऱ्याला हे खटकतं, एकट्याने रमतगमत जाणाऱ्याला चार राइड्सनंतर आठवतही नाही.

पण कॅसेट घेण्याआधी मागच्या डिरेलरची मर्यादा बघाच, सगळा घोळ इथेच होतो. दोन आकडे असतात. एक, तो जास्तीत जास्त किती दातांचं चक्र झेपवतो. दुसरा, टोटल कपॅसिटी, म्हणजे चेन किती ढिली झालेली तो ओढून धरू शकतो. कपॅसिटी काढायची पद्धत: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान चक्रातला फरक. ५०/३४ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. शिमानो १०५ च्या आर७००० मध्ये लहान केजच्या (केज म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) डिरेलरची कपॅसिटी ३५ आणि चक्र ३० पर्यंत, लांब केजवाल्याची ३९ आणि चक्र ३४ पर्यंत, म्हणजे लांब केज असेल तर ११-३४ अगदी काठावर बसते आणि लहान असेल तर डिरेलरही बदलावा लागतो. तुमच्या मॉडेलचे आकडे कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये मिळतात, मॉडेल नंबर डिरेलरच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन दात जास्त चालवणारे लोक आहेत, हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे लटकतो तो तुकडा) लांब करणारा एक्स्टेंडर लावूनही चालवतात, पण ते तुमच्या जबाबदारीवर.

स्पीडची संख्या तर जुळलीच पाहिजे, शिवाय हबची बॉडीही, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यावर कॅसेट ज्यावर बसते ते फ्रीहब, बघायची. शिमानोचं ८, ९, १० स्पीडचं फ्रीहब सारखंच आहे, ११ स्पीड रोडचं १.८५ मिमीने लांब, म्हणून १० ची कॅसेट ११ च्या हबवर टाकताना तेवढ्या जाडीचा स्पेसर (एक रिंग) आत टाकतात. मजा म्हणजे शिमानोच्या ११ स्पीडमधल्या काही ११-३४ कॅसेट जुन्या छोट्या बॉडीवर थेट बसतात आणि नव्या लांब बॉडीवर त्यांनाच स्पेसर लागतो. आणि साध्या ७ स्पीड सायकलींना बऱ्याचदा कॅसेट नसतेच, आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील असतं. १४-२८ असेल तर १४-३४ चं मिळतं, डिरेलर लांब केजचा असला की झालं काम.

डिरेलर बदलायचा झाला तर रोड आणि एमटीबीचं (माउंटन बाइकचं) मिश्रण जपून करा. शिमानोच्या ९ स्पीडला रोडच्या शिफ्टरवर (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यावर) एमटीबीचा ९ स्पीड डिरेलर व्यवस्थित चालतो, १० स्पीडला नाही चालत, कारण केबल ओढायचं प्रमाणच वेगळं आहे.

चेन हा विषय लोक हमखास विसरतात. मागचं चक्र मोठं झालं की जुनी चेन आखूड पडू शकते, आणि आखूड चेनवर चुकून पुढे मोठी मागे मोठी असा गिअर पडला तर डिरेलर किंवा हँगर, काहीतरी एक तुटतं. मापायला चेन डिरेलरमधून न घेता थेट पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या मोठ्या चक्रावरून फिरवा, जिथे टोकं भेटतात त्याच्यापुढे एक आतली आणि एक बाहेरची अशा दोन कड्या जास्त ठेवा. मग बी-स्क्रू थोडा आवळा म्हणजे डिरेलरची वरची पुली मोठ्या चक्राला घासणार नाही, आणि एल लिमिट स्क्रू नीट आहे ना ते पाहा, तो ढिला असला तर चेन थेट स्पोक्समध्ये जाते. सगळे गिअर आधी मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवत टाकून बघायचे, रस्त्यावर जाऊन प्रयोग नको.

कॅसेटने भागलं नाही तर पुढे हात घालायचा, इथे खर्च आणि डोकेदुखी दोन्ही वाढतात. नुसती चेनरिंग बदलता येईल का हे बोल्टच्या वर्तुळावर ठरतं, त्याच्या व्यासाला बीसीडी म्हणतात. १३० मिमी बीसीडीच्या जुन्या क्रँकवर (क्रँक म्हणजे पेडलचे दांडे आणि चेनरिंग मिळून होणारा भाग) ३८ पेक्षा लहान बसत नाही, ११० च्या पाच बोल्टवाल्या कॉम्पॅक्टवर ३४, फार तर ३३. त्याखाली जायचं तर पूर्ण क्रँक बदला, ४८/३२ किंवा ४६/३० चे सब-कॉम्पॅक्ट मिळतात. उतारावर वेग कमी पडेल अशी भीती घालतील लोक, पण ९० केडन्सला ५०/११ वर ताशी ५१ येतात आणि ४६/११ वर ४७. एवढ्यासाठी चढाला रडायचं? क्रँकबरोबर पुढचा डिरेलरही खाली सरकवावा लागतो, केजची कड मोठ्या चेनरिंगच्या १ ते ३ मिमी वर पाहिजे, आणि काही फ्रेमना त्याचा माउंट फिक्स असल्यामुळे तेवढं खाली जाताच येत नाही, तेव्हा क्रँक घेण्याआधी स्क्रू काढून बघा किती जागा आहे.

सामान लादून टूरला जाणार असाल तर वरची सगळी उदाहरणं विसरा आणि नव्याने गणित मांडा. ८५ च्या जागी १०५ किलो झाले की त्याच ८ टक्क्यांवर १६० वॅटमध्ये वेग ताशी साडेसहापर्यंत उतरतो, ६५ केडन्ससाठी ०.७९ रेशो लागतो. ३०/३६ सुद्धा ०.८३ वर थांबतं. तिथे एमटीबी किंवा ट्रेकिंगचा ट्रिपल (तीन चेनरिंगचा) क्रँक कामाला येतो, २६/३४ चा रेशो ०.७६ होतो, २२ ची आतली चेनरिंग असेल तर त्याहूनही खाली, मग पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या बॅगा) भरलेले असले तरी बसून चढता येतं.